कडेचा माणूस

शेंडगेमामा फोटो काढायच्या आधी हनुवटीनं हवेत एक चौकोन काढायचे. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत असायचा. डावीकडून वर, वरून उजवीकडे, उजवीकडून खाली, आणि खालून परत डावीकडे अशी त्यांची मान सावकाश फिरायची. शिरूरच्या पेठेत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, यांची मान धरलीय. एका शिंप्यानं तर आपुलकीनं त्यांना मानेला लावायचं तेल आणून दिलं होतं. मामांनी ते मुकाट्यानं घेतलं. समजावून सांगत बसण्यापेक्षा तेल घेणं सोपं होतं, असं त्यांचं म्हणणं.

मी मात्र विचारलं होतं.

“कड बघतोय, ताई,” ते म्हणाले. “मधलं काय, मधलं आपसूक दिसतं. कड बघावी लागती.”

नव्वदच्या दशकात शिरूरहून एक साप्ताहिक निघायचं, त्यात आम्ही दोघं कामाला होतो. बी-बियाणांच्या दुकानावर आमचं ऑफिस. खालून खतांचा वास यायचा आणि वर छपाईच्या शाईचा. मी मूळची दौंडची, वडील रेल्वेत. बी.ए. झाल्यावर ही नोकरी मिळाली म्हणून शिरूरला खोली घेऊन राहिले होते. नावाला उपसंपादक. खरं काम म्हणजे मजकुराच्या पट्ट्या आणि फोटो कात्रीनं कापून पानावर बसवायचे. म्हणजे शेंडगेमामा कडा बघून फोटो काढणार आणि मी त्या कडा कापणार. आमची ओळख या भांडणातूनच झाली.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या एका फोटोला मी कात्री लावणार, तेवढ्यात मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: ‘कापू नये.’ दुसरा फोटो उलटा केला. त्यावरही तेच. सगळ्या गठ्ठ्यावर तेच.

“मामा, दोन कॉलमात हा बसत नाही.”

“मग ल्हान करा. पर कापू नका.”

“लहान केला तर माणसं मुंगीएवढी दिसतील.”

“मुंगीबी पुरी असती ना, ताई?”

संपादक गोरे सर आतून ओरडले, “अहो, कापा हो तो! त्यांचं ऐकत बसलात तर अंक पुढच्या महिन्यात निघेल.” मी कापला. मामा शेजारी उभे राहून बघत होते. रागावले नाहीत. उलट खाली पडलेली पट्टी उचलून त्यांनी ती उजेडात धरली आणि खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं, “ह्यात तुमाला नको असं काय दिसलं?”

पट्टीत एक सायकल होती आणि तिच्या हँडलला लटकवलेली कोंबडी होती. मला ती दिसलीच नव्हती.

मामा दौंड तालुक्यातल्या राहू गावचे. पूर्वी त्यांचं घराणं मेंढरं घेऊन फिरायचं; त्यांच्या जन्मापर्यंत सगळे शेतीत स्थिरावले होते. भाऊ ऊस लावायचे, आणि हे एकटे शिरूरला येऊन फोटोग्राफर झालेले. कॅमेऱ्याचा पट्टा तुटला तेव्हा त्यांच्या आईनं काळ्या लोकरीची दोरी वळून दिली होती, ती त्यांनी कायम ठेवली. उन्हाळ्यात ती मानेला टोचायची. तरी ठेवली.

त्यांचा पेठेत एक छोटा स्टुडिओ होता, पण तो चालवायच्या त्यांच्या बायको, हिराबाई. पासपोर्ट फोटो काढायचा मामांना मनापासून कंटाळा. “त्यात कडच नसती,” म्हणायचे. लग्नाच्या ऑर्डरी हिराबाईंनीच एकदा बंद करून टाकल्या. कारण एका लग्नात मामांनी मांडवामागं ताटं विसळणाऱ्या बायकांचे, पंगतीच्या टोकाला झोपलेल्या म्हाताऱ्याचे आणि एकट्यानं फुगा धरून उभ्या असलेल्या पोरीचे उत्तम फोटो काढले, आणि नवरीच्या आईचा एकही काढला नाही. “ह्यांना त्वांड सोडून समदं दिसतं,” हिराबाई मला म्हणाल्या होत्या. पण त्यातला म्हाताऱ्याचा फोटो त्यांनीच मोठा करून स्टुडिओत लावला होता.

त्यांच्या कॅमेऱ्याला जवळ-लांब करायची सोय नव्हती. त्यामुळं फोटोत जास्त घ्यायचं असलं की मामा मागं चालत जायचे आणि कमी घ्यायचं असलं की पुढं. डोळा कॅमेऱ्याला आणि पाय मागं मागं. भर बाजारात. एकदा ते असेच मागं सरकत टोमॅटोच्या पाटीत बसले. भाजीवाली ओरडायला लागली, तर हे बसल्या जागेवरूनच म्हणाले, “थांब बाई, हितनं लई झ्याक दिसतंय,” आणि आधी फोटो काढला, मग उठले.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की फार मोठा कलावंत वगैरे. तसं नव्हतं. ते चुकायचे, आणि चुकलेलं कळलं की त्यांना अगदी नवं खेळणं मिळाल्यासारखं व्हायचं.

शिरूरच्या एसटी स्टँडचं जुनं छप्पर काढून टाकलं होतं आणि नवं व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. गोरे सरांनी बातमी लिहिली आणि मामांना गर्दीचा फोटो आणायला सांगितलं. मामांनी आणला त्यात ना बस, ना फलाट. दुपार कललेली, रिकामं मैदान, आणि त्यात विजेच्या खांबाची लांबच लांब सावली पडलेली. त्या अरुंद सावलीत एकामागं एक माणसं उभी. बायका, शाळेची पोरं, पिशव्या घेतलेले गडी. सावलीबाहेर कुणी नाही.

गोरे सर फोटो बघून म्हणाले, “वा! पण यात स्टँड कुठंय?”

“लोकं कशी हुबी हायत त्यावरनं कळतंय की.”

“कुणाला कळतंय? तुम्हाला.”

वाद मिटेना. त्या रविवारी मी दौंडला घरी जाणार होते, म्हणून मामांनी फोटोची एक प्रत माझ्याकडं दिली. “तुमच्या आईला दाखवा. काय सांगू नका. नुसतं इचारा, ह्ये काय हाय.” आई बघून म्हणाली, “प्रार्थनेला उभी आहेत का गं?”

सोमवारी मी ते सांगितलं तर मामांचा चेहरा असा उजळला, की जणू बक्षीस मिळालंय. “प्रार्थना? आनखी काय म्हनाल्या?” तिला कशावरून असं वाटलं, आधी नजर कुठं गेली, उन्हाकडं लक्ष गेलं का, सगळं खोदून खोदून विचारलं. मग गोरे सरांच्या टेबलाजवळ जाऊन म्हणाले, “तुमचं खरं हाय. जागा पायजे त्यात.” त्यानंतर ते रोज दुपारी स्टँडवर जायला लागले. तशी सावली, तशी माणसं आणि स्टँडची पाटी हे तिन्ही एका चौकटीत यायला बरेच दिवस गेले. शेवटी फोटो छापून आला त्यात पाटीचा निम्माच भाग होता: नुसतं ‘रूर’. पुरी पाटी घ्यायची तर सावलीच्या टोकाची म्हातारी जात होती. म्हातारी ठेवली, ‘शि’ गेला. पुढं कित्येक दिवस गावातली पोरं एकमेकांना ‘रूरला चाललो’ म्हणत होती.

मी एकदा विचारलं, की एवढा कडेचाच ध्यास का? ते म्हणाले, “आमचा आज्जा मेंढरं बघायचा तवा कळपाच्या मधी बघायचाच न्हाई. मधलं मेंढरू कुठं जातंय? जातंय त्ये कडंचं.” आणि लगेच हसून म्हणाले, “पर आज्जानं कवा फोटो काढला न्हाई. त्याला काय सोडायचं ह्ये ठरवावं लागलं न्हाई. मला लागतंय. त्येच कळत न्हाई अजून.”

ते खरंच त्यांना कळत नव्हतं, हे मला दौंडच्या प्रकरणात दिसलं.

आमच्या अंकात दौंड स्टेशनसमोरच्या रस्त्याचा त्यांचा एक फोटो छापला होता. गाडी येऊन गेल्यानंतरची गर्दी. मधोमध डोक्यावर ट्रंक घेतलेली बाई, तिच्यामागं रिक्षा, केळीचा गाडा, जीपच्या टपावर चढणारं पोरगं. त्यांचा आवडता फोटो होता तो. मीही त्याला कात्री लावली नव्हती. तीन कॉलमात पुरा बसवला होता.

आठवड्याभरानं एक बाई जिना चढून ऑफिसात आली. पन्नाशी उलटलेली, नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं. हातात आमचा अंक, पिठानं पांढरा झालेला. तिचं नाव सरूबाई. तळेगाव ढमढेऱ्याहून आली होती. गिरणीत दळण होईपर्यंत बसायला म्हणून अंक अंथरला, आणि त्यातला फोटो बघून तशीच उठली होती.

तिनं तो माझ्या टेबलावर पसरला आणि फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं.

“ह्यो अर्धाच हाय,” ती म्हणाली. “ह्येचा बाकीचा कुठं हाय?”

मी वाकून बघितलं. फोटोच्या अगदी काठावर एक पाठमोरा माणूस होता. अर्धी पाठ, एक कान, आणि वर उचललेलं कोपर. पंजा मानेवर. पुढचं सगळं चौकटीबाहेर.

“ह्यो माझा संतोष हाय.”

“मावशी, यात तोंड तर दिसतच नाही.”

“त्वांड कशाला पायजे? ल्हानपणापास्नं असाच चालतो, मानंवर हात ठिवून. बाप वरडायचा, वझं घेतलंय का रं म्हणून.”

संतोष घर सोडून गेला होता त्याला बरीच वर्षं झाली होती. कुठं गेला, पत्ता नव्हता. मी तिला पाणी दिलं आणि मामांना बोलावणं धाडलं. ते आले, सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि तसेच स्टुडिओत जाऊन निगेटिव्ह घेऊन आले. खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. माझी अशी समजूत होती, की छापताना कुठं तरी कड गेली असेल आणि निगेटिव्हमध्ये पुरा माणूस निघेल. सरूबाईची तर खात्रीच होती.

“हितंबी अर्धाच हाय,” मामा म्हणाले.

मग आपणहून सांगायला लागले. सरूबाईकडं न बघता, खिडकीकडं बघून. “डाव्या अंगाला लॉटरीचा मोठा पिवळा बोर्ड व्हता. फोटो खात व्हता त्यो. म्हणून म्या हातभर उजवीकडं सरकलो. मला ठावं हाय, सरकलो. त्यात गेला ह्यो.”

“बोर्डापायी?” सरूबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

“व्हय. बोर्डापायी.”

माणसाला कापू नये म्हणून आमच्याशी वर्षानुवर्षं भांडलेला हा माणूस त्या दिवशी खुर्चीत बसला तो चहा निवून गेला तरी तसाच. शेवटी उठून म्हणाले, “मावशी, उद्या दौंडला जाऊ. जागा माझ्या ध्यानात हाय.” माझ्याकडं वळून म्हणाले, “ताई, तुमी तिथल्या. तुमीबी चला.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं न्हावऱ्यामार्गे निघालो. बसमध्ये बसता बसताच सरूबाईनं माझं आडनाव विचारून घेतलं होतं. मग खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत म्हणाली, “पोरीवरनं झालं समदं. लगीन करतो म्हणाला. बाप म्हणाला, केलंस तर या घरात त्वांड दावू नगं. त्यानं दावलं न्हाई. आता बापबी न्हाई ऱ्हायला, आन् पोराला त्ये म्हाईत न्हाई.”

“पोरगी कुठली होती?” मी विचारलं.

“दौंडची. रेल्वे कॉलनीतली.” ती थांबली. “तुमच्यातली.”

“बौद्ध?”

“व्हय,” ती म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता तिनं माझा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला. मी तो काढून घेतला नाही. मामा पुढच्या बाकावर होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

दौंडला उतरलो तोवर सरूबाईचे गुडघे धरले होते. स्टेशनात तिकीटखिडकीसमोरच्या बाकावर तिला बसवलं. मामा आणि मी बाहेर आलो. त्यांनी ती जागा क्षणात शोधली. पिवळा बोर्ड होताच. त्याच्याकडं त्यांनी असं बघितलं, की मला हसू येणार होतं, पण आवरलं. मग ते समोरच्या सायकल दुकानात गेले आणि फोटो दाखवला. दुकानदारानं कडेचं कोपर बघून जराही विचार न करता सांगितलं, “हा संतोष. पलीकडच्या गल्लीत बॅटरीच्या दुकानात असतो.”

बॅटरीच्या दुकानात एक पस्तिशीचा माणूस खाली मान घालून काम करत होता. आमची सावली पडली तसं त्यानं वर बघितलं. आधी मामांकडं, मग त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं. त्याचा हात आपोआप मानेवर गेला.

“तुमी त्या दिवशी स्टेशनसमोर फोटो काढत हुता,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मी बघितलं हुतं तुमाला. लगीच पाठ करून बाहेर सरकलो. मला वाटलं, मी सुटलो.”

मामा त्याच्याकडं बघतच राहिले. “म्हंजी म्या न्हाई कापला तुला?”

“तुमी कशाला कापताय? मीच चाललो हुतो. पेपरात यायचं नव्हतं मला. गावाकडं कुणी बघितलं आन् इथं येऊन तमाशा केला तर? बायको हाय, पोरगी हाय माझी.” त्याचा आवाज चढला होता. “माणसाला न्हाई यायचं फोटोत. तुमी इचारलं का?”

मामा म्हणाले, “न्हाई इचारलं. खरं हाय. पर आता ऐक. तुझी आई स्टेशनात बाकावर बसलीय. एकटीच आलीय, तमाशा कराया न्हाई. मी तिला सांगणार तू हायेस म्हणून, खोटं मला जमायचं न्हाई. पर कुठं हायेस त्ये सांगणार न्हाई. जायाचं का न्हाई, तुझं तू बघ.”

बापाचं त्यांनी सांगितलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “ती त्याच्या आईची गोष्ट हाय, ताई. आपुन कोण?”

आम्ही परत आलो. सरूबाईनं आमचे चेहरे बघितले आणि उठून उभी राहिली.

“गावला?”

“गावला.”

“अर्धाच दिसला का पुरा?”

“पुरा,” मामा म्हणाले. “ब्येस हाय. जरासा जाड झालाय.”

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. कुठं आहे, चला, असं काहीच म्हणाली नाही. तो आपणहून यायला हवा, हे तिनंही ओळखलं असावं. एक मालगाडी आली, लांबत लांबत गेली. पाणी प्यायचं का विचारलं तर नको म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं, की तिकीटखिडकीच्या रांगेपलीकडं तो उभा आहे. खांबाआडून आईकडं बघत होता. सरूबाईचं लक्ष नव्हतं. तिनं नुकताच डोक्यावरचा पदर सारखा केला होता आणि तिचं मोकळं कपाळ उजेडात आलं होतं. त्यानं ते बघितलं. कुणी न सांगता त्याला कळलं. तो खांबाला धरून तिथंच खाली बसला.

त्याच्यामागून एक बाई आली, कडेवर मुलगी घेऊन. ती सुजाता, त्याची बायको. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी म्हणाली आणि तो उठेपर्यंत न थांबता एकटीच सरळ आमच्याकडं चालत आली. सरूबाईसमोर उभी राहिली. घाबरलेली होती, दिसत होतं. खाली वाकली, आणि वाकता वाकता तिच्या कडेवरच्या मुलीनं सरूबाईच्या नाकाकडं, नथ असते तिथं, हात नेला, पण नथ कुठली? ती कधीच उतरवलेली. तो लहानसा हात सरूबाईनं धरला.

“त्यो कुठाय?” तिनं सुजाताला विचारलं.

सुजातानं मागं बघितलं. तो येत होता.

मी मामांकडं वळले. कॅमेरा गळ्यात होता, उजेड चांगला होता, आणि जे समोर होतं ते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो ठरलं असतं. मामा बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठ फिरवून बसले होते आणि रुळांवर फिरणाऱ्या एका कुत्र्याकडं अत्यंत लक्षपूर्वक बघत होते.

पुढं सगळं गोड झालं असं काही नाही. तळेगावच्या भावकीनं संतोषला गावात येऊ द्यायला बरीच वर्षं लावली. सरूबाई मात्र महिन्या-दोन महिन्यांनी दौंडला जायची. जाताना वाट वाकडी करून शिरूरला ऑफिसात वांगी नाहीतर मेथी ठेवून जायची. एकदा मला म्हणाली, “तुमच्या सुजाताच्या हातची भाकरी माझ्यापरीस पातळ असती.” ‘तुमच्या’ हा शब्द तिनं सोडला नाही, पण तो ती आता वेगळ्या तऱ्हेनं म्हणायची.

गोरे सरांना हे कळलं तेव्हा ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, “अहो शेंडगे, तोच तर फोटो होता!”

“असंल,” मामा म्हणाले.

पण संतोषचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. “माणूस कापू नये ह्ये म्या ठरवलं,” ते मला म्हणाले, “पर माणसालाच बाहेर जायाचं असलं तर?” काही दिवस त्यांनी एक विचित्र प्रयोग केला. फोटो काढायच्या आधी हात वर करून उभं राहायचं, म्हणजे ज्याला सरकायचं तो सरकेल. रांजणगावला कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळी ते असे हात वर करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर कंपनीची एक बसच त्यांच्यापुढं येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “बैठो चाचा, किधर जाना है?” मामांना काय बोलावं सुचेना, म्हणून ते बसले आणि शिरूरला उतरले. त्या दिवशी फोटो मिळाला नाही. बाकीच्या दिवशी मिळाले तेही वाईट मिळाले. सगळी माणसं ताठ उभी राहून कॅमेऱ्याकडं बघतायत असे. गोरे सर वैतागले, आणि त्यांचं चूक नव्हतं.

शेवटी मामांनी स्वतःपुरती एक रीत काढली. ज्या रस्त्याचा फोटो घ्यायचा, तिथं ते आधी नुसतेच जाऊन बसायचे. कॅमेरा सगळ्यांना दिसेल असा मांडीवर. चहा प्यायचे, गप्पा मारायचे, दुसऱ्या दिवशी परत जायचे. मग त्या रस्त्याला ते ठाऊक झाले, की ज्याला नको असेल तो आपसूक पलीकडून जायचा आणि बाकीचे आपापल्या कामात राहायचे. याला वेळ फार लागायचा. आमच्यासारख्या साप्ताहिकाला तो परवडणारा नव्हता, आणि हळूहळू त्यांचे फोटो अंकात कमी होत गेले. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ‘कापू नये’ मात्र ते लिहीतच राहिले.

मी पुण्याला एका दैनिकात गेले. मामांची भेट राहिली ती राहिलीच. मग दोन हजारनंतरच्या कुठल्याशा वर्षी शिरूरला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. तिथून मला दौंडला घरी जायचं होतं, म्हणून दुपारी जीपमध्ये जागा धरून बसले होते. पेठेजवळ रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंच्या घरांचे पुढचे भाग पाडलेले. एका दुमजली घराची समोरची भिंतच गेली होती आणि वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर रस्त्यावर उघडं पडलं होतं. मांडणीवरची भांडी, भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, सगळं खालून दिसत होतं. आणि तिथं एक बाई जणू काही झालंच नाही अशा थाटात स्टोव्हपुढं बसून चपात्या लाटत होती.

खाली विटांच्या ढिगाऱ्यावर शेंडगेमामा उभे होते. केस पुरे पांढरे. जीप सुटायच्या बेतात होती, म्हणून मी खिडकीतूनच हाक मारली.

“मामा! काय करताय?”

त्यांनी मला ओळखलं, हसले, पण जागा सोडली नाही. “ती हिकडं बघंल म्हणून थांबलोय, ताई. सकाळधरनं दोनदा आलो.”

तेवढ्यात बाईनं खाली बघितलं. मामांनी कॅमेरा थोडा उचलून तिला दाखवला. ती क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता आत जाणार नाहीतर शिव्या देणार. ती उठली, पदरानं तोंड पुसलं, मांडणीवरचं एक पातेलं सरळ केलं, आणि दोरीवरचे कपडे भराभर ओढायला लागली.

“मावशी, कपडं ऱ्हाऊ द्या!” मामा खालून ओरडले.

“आवं, परकर हायेत त्ये!”

“बरं बरं, परकर काढा. पर त्यो हिरवा टावेल ठिवा!”

“त्यो फाटलाय!”

“असू द्या की!”

जीप हलली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. धुरळ्यात ती दोघं लहान होत गेली, ती वर आणि ते खाली, हातवारे करत. बाई एकेक वस्तू उचलून दाखवत होती आणि मामा खालून मान हलवत होते, हे राहू दे, ते काढ. आणि एकदा मामांनी कशाला तरी नको म्हटलं, तर तिनं ती वस्तू मुद्दाम अगदी पुढं आणून ठेवली.